फळांना तोंडीलावणं : चक्क्याच्या वाटीबद्दल तुमची पत्रं

मागच्या अंकात फळांसोबत ठेवायच्या गोड वाटीची कृती मी चार ओळींत दिली होती. पाव किलो घट्ट चक्का, चार सपाट मोठे चमचे पिठीसाखर (म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास), दोन मोठे चमचे ताजी साय, चिमूटभर वेलदोड्याची पूड आणि मिठाचे दोन कण. चक्का चाळणीतून काढायचा, सगळं हाताने कालवायचं, तासभर गार करायचं आणि वाटीभोवती फळं मांडायची. एवढंच.

मी वाईला राहते. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी, आणि पुढे भिलार. आमच्या जाऊबाईंचं माहेर तिकडचं, त्यामुळे डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत घरात स्ट्रॉबेरीचे पनेट (लहान डबे) येत राहतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्यासाठी ती घरचीच. फळ फार नाजूक. आज आलेलं उद्यापर्यंत संपवावं लागतं, आणि नुसतं किती खाणार? तेव्हा कधीतरी सासूबाईंनी श्रीखंडाच्या चक्क्यातला थोडा चक्का बाजूला काढून त्यात कमी साखर घातली आणि स्ट्रॉबेरी देठाला धरून त्यात बुडवून खायला दिली. श्रीखंडाला चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर पडते. इथे तितकी घातली तर फळ आंबट लागतं. सगळी गंमत त्या कमी साखरेत आहे.

पत्रं पुष्कळ आली. बहुतेकांची अडचण एकच, “पातळ झालं.” म्हणून सुरुवात तिथूनच.

काकू, हळदीकुंकवाला पंचवीस जणी येणार म्हणून तुमच्या कृतीच्या तिप्पट प्रमाणात केलं. चक्का डेअरीतून आणला, वेळ वाचावा म्हणून मिक्सरमधून फिरवला. श्रीखंडासारखं होण्याऐवजी लस्सीसारखं झालं. वरून स्ट्रॉबेरीचे काप घातले तर खाली गुलाबी पाणी साचलं. पाहुण्यांसमोर फार वाईट वाटलं. काय चुकलं?
— एक गृहिणी, डोंबिवली

तुमचं प्रमाण बरोबर होतं, माणशी दोन मोठे चमचे धरले तर पंचवीस जणींना पाऊण किलो चक्का लागतोच. पाणी मात्र तीन वाटांनी शिरलं.

पहिली वाट विकतच्या चक्क्याची. डेअरीतला चक्का वजनावर विकला जातो आणि पुष्कळदा तो पुरता निथळलेला नसतो. आणल्या आणल्या एक चमचा चक्का ताटलीत काढा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. त्याच्याभोवती पाण्याची कड दिसली तर सगळा चक्का पुन्हा मलमलच्या फडक्यात बांधा आणि फ्रीजमध्ये एखाद्या चाळणीवर तीन-चार तास ठेवा. वर स्वच्छ वाटीचं वजन ठेवलं तरी चालेल. चांगला चक्का पुरणाच्या गोळ्यासारखा उभा राहतो. घरी करणार असाल तर म्हशीच्या दुधाचं दही लावा. एक लिटर दुधाच्या दह्यातून माझ्याकडे साधारण 350 ते 400 ग्रॅम चक्का निघतो, गाईच्या दुधाचा त्याहून कमी. दही लागल्याबरोबर टांगायचं, आंबट होण्याची वाट बघायची नाही. उन्हाळ्यात ओट्यावर टांगलेलं दही निथळता निथळता आंबत जातं, म्हणून पहिला तास बाहेर आणि उरलेले सहा-सात तास फ्रीजमध्ये. खाली साठलेलं पाणी टाकू नका, त्यात कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात.

दुसरी वाट मिक्सरची, आणि तुमच्या बाबतीत मोठं नुकसान तिनेच केलं. दह्यातल्या प्रथिनांचं एक जाळं असतं, उरलंसुरलं पाणी ते धरून ठेवतं. मिक्सरचं पातं ते जाळं तोडतं आणि धरलेलं पाणी मोकळं होतं. चक्का मऊ करायचा तो चाळणीवर ठेवून वाटीच्या बुडाने दाबून, किंवा पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून. पाव किलोला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यात साखर पडली की ते थोडं सैल होणारच. साखर विरघळते ती चक्क्यातल्याच पाण्यात, त्यामुळे द्रव वाढल्यासारखा दिसतो. घाबरून जायचं नाही, तासभर फ्रीजमध्ये राहिलं की पुन्हा धरून येतं.

तिसरी वाट फळाची. स्ट्रॉबेरी कापून साखरेशी गाठ घातली की साखर तिच्यातलं पाणी ओढून घेते, तेच तुमचं गुलाबी पाणी. फळ वाटीत घालायचंच नाही. वाटी वेगळी, फळ वेगळं. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची, कारण देठ काढून धुतली तर त्या खळग्यातून पाणी आत जातं. धुतल्यावर जुन्या सुती पंचावर पसरायची, वरून दुसऱ्या पंचाने हलकेच टिपायची आणि पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवायची. आमच्याकडे देठ काढतच नाहीत, धरायला मूठ होते. द्राक्षंही अशीच कोरडी करायची. ओल्या द्राक्षाला चक्का चिकटत नाही, घरंगळून खाली जातो.

पुन्हा कधी पातळ झालं तर कॉर्नफ्लोअर घालू नका, कच्च्या पिठाची चव राहते. पाव किलोला दोन चमचे दुधाची पावडर चाळून घाला, किंवा दहा-बारा काजू अर्धा तास भिजवून बिनपाण्याचे वाटून घाला. अर्ध्या तासात फरक दिसतो.

आमच्या बचत गटाच्या बैठकीला अननस, पपई आणि चक्का असं रात्रीच कालवून ठेवलं. सकाळी चव घेतली तर कडू! दही नासलं म्हणून सगळं टाकून दिलं. पण उरलेला नुसता चक्का चांगला होता. मग कडू कशामुळे झालं?
— बचत गटातली एक सदस्य, कोल्हापूर जिल्हा

तुमचं दही चांगलंच होतं. हे काम अननसाचं.

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. भाचीच्या डोहाळजेवणाला मी दोन किलो चक्क्यात अननसाच्या फोडी रात्रीच घातल्या होत्या, सकाळी घाई नको म्हणून. पहाटे पाचला झाकण उघडलं तर कडेने पाणी सुटलेलं आणि चव कडवट. भाचीला अननस आवडतो म्हणून एवढा खटाटोप केला होता. तिच्या पानात ते वाढता आलं नाही याची हळहळ मला अजून आहे. त्या दिवसानंतर मी हे नीट समजून घेतलं.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनांचे तुकडे करतं. दही म्हणजे प्रथिनंच, त्यामुळे त्यांचे तुकडे पडत जातात, त्या तुकड्यांची चव कडू असते, आणि जाळं मोडल्यामुळे पाणीही सुटतं. पपईत असंच पपेन असतं, कच्च्या पपईत जास्त, पिकलेल्या पपईत कमी. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा लावतात तो याचसाठी. किवीत आणि ताज्या अंजिरातही याच जातीची एन्झाइम असतात.

उपाय सोपा आहे. ही एन्झाइम उष्णतेने निकामी होतात. अननसाच्या फोडी दोन चमचे साखर घालून पातेल्यात पाच-सात मिनिटं चांगल्या उकळा, पूर्ण गार करा, रस निथळून घ्या, मग चक्क्यात घातल्या तरी काही होत नाही. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून तो चालतो. ताजाच खायचा असेल तर शेजारी ठेवा आणि खाताना बुडवा. तोंडात जाईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात काहीही बिघडत नाही. फळ वेगळं ठेवा असं मी पुन्हा पुन्हा म्हणते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि एवढ्यावरून अंजीर टाळू नका. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली मानांकन मिळालं. उन्हाळ्यातल्या मीठ्या बहाराचं अंजीर उभं चिरून, चार पाकळ्या करून, या चक्क्याबरोबर खाऊन बघा. मला स्ट्रॉबेरीपेक्षाही ते आवडतं. हे घरी कोणाला पटत नाही, पण मी ते मनापासून सांगते.

ताई, अशा बुडवून खायच्या ‘डिप’ला मराठी शब्द नाही का?
— मराठीचे एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

सर, आमच्या घरात याला ‘वाटी’च म्हणतात. “फळं कापली, वाटी झाली का?” पण पानात मुख्य पदार्थाला चव आणणारं जे असतं त्याला आपण तोंडीलावणं म्हणतोच. फळांना तोंडीलावणं, हा शब्द मला पुरेसा वाटतो. यावेळी मथळ्यात तोच घेतला आहे.

महाशिवरात्रीला फराळात ही वाटी करायची आहे. पिठीसाखरेच्या पाकिटावर मक्याचं पीठ लिहिलेलं दिसलं. उपासाला चालेल का?
— एक वाचक, नाशिक

बरं झालं पाकीट वाचलंत. विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून पुष्कळदा मक्याचा स्टार्च घालतात. ज्यांच्याकडे उपासाला धान्य चालत नाही त्यांना तो चालणार नाही. घरी साधी साखर मिक्सरच्या कोरड्या भांड्यात दळा आणि बारीक चाळणीने चाळा. एका वेळी आठवड्याला पुरेल एवढीच, नाहीतर गोळे होतात. दळताना त्यातच वेलदोड्याचे दाणे टाकले तर पूड वेगळी करावी लागत नाही.

केशर घालणार असाल तर आठ-दहा काड्या चिमूटभर साखरेबरोबर खलात कुटा आणि एक चमचा कोमट दुधात वीस मिनिटं ठेवा. एका चमच्याहून जास्त दूध घेऊ नका, सैल होतं. नाशिकला त्या दिवसांत द्राक्षं ऐन भरात असतात, दुसऱ्या फळाची गरजच नाही.

मी एकटा राहतो, यूट्यूब बघून स्वयंपाक शिकतो आहे. चक्क्याऐवजी क्रीम फेटून करावं म्हणून पाकिटातलं फ्रेश क्रीम वीस मिनिटं फेटलं, ते उभंच राहिलं नाही. मग आईने दिलेली घरची साय फेटली तर तिचं लोणी झालं. दोन्ही वेळा उलटंसुलटं का?
— एक नोकरदार तरुण, पुणे

दोन्हीचं कारण स्निग्धांशात आहे. क्रीम फुगून उभं राहायचं तर त्यात साधारण 30 टक्क्यांहून जास्त स्निग्धांश लागतो. आपल्याकडे भाजीत घालायला जे फ्रेश क्रीमचं पाकीट मिळतं त्यावर बघ, बहुधा 25 टक्के लिहिलेलं असेल. ते कितीही फेटलं तरी उभं राहणार नाही. तुझा हात कमी पडला नाही. फेटायचंच असेल तर दुकानात व्हिपिंग क्रीम म्हणून माग. पण घटकांत ‘वनस्पती तेल’ असेल तर ते दुधाचं नाही हे लक्षात ठेव. त्याची टाळूला चिकटणारी चव ताज्या फळाला शोभत नाही.

घरच्या सायीत स्निग्धांश भरपूर, म्हणून ती झटकन लोण्याकडे जाते, विशेषतः कोमट असली की. साय, भांडं, फेटणं, तिन्ही फ्रीजमध्ये तासभर गार कर. रवी घेऊ नकोस, ती लोण्यासाठीच असते. साध्या काट्याने किंवा तारेच्या फेटण्याने हळू फेट, आणि भांड्यात रेघ मारली की ती राहते असं दिसलं की थांब. तिथून पुढची दहा-पंधरा सेकंदंच घात करतात. लोणी झालंच तर गार पाण्याने धुऊन घे आणि कढव, तूप मिळेल.

तुझ्या एकट्यापुरतं सांगते. चार चमचे गार साय, एक चमचा पिठीसाखर, दोन थेंब लिंबाचा रस, आणि शेजारी कापलेला पेरू. लहानपणी पोळीवर साय-साखर खाल्ली असशील तर ती चव लगेच ओळखशील.

मी न्यू जर्सीत असते. इथे मैत्रिणींकडे क्रीम चीज आणि मार्शमॅलो क्रीम एकत्र करून फळांचं डिप करतात, मुलांना फार आवडतं. पुढच्या महिन्यात सासूबाई येत आहेत, त्या अंडंही खात नाहीत. त्यांना ते चालेल का? आणि चक्का इथे कशाचा करू?
— एक वाचक, न्यू जर्सी

सासूबाई येण्याआधी विचारलंत हे चांगलं केलंत. मार्शमॅलोच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. बरणीतल्या मार्शमॅलो क्रीममध्ये जिलेटिनऐवजी सहसा अंड्यातला पांढरा असतो. म्हणजे त्यांना दोन्ही चालणार नाहीत. बाजारातल्या काही क्रीम चीजलाही घट्टपणासाठी डिंक घातलेला असतो. तो वनस्पतीचा असतो, पण डब्यावरची यादी एकदा त्यांनाच वाचून दाखवा. आपल्या मनाला खात्री पटली की माणूस निवांत खातं.

चक्का तुमच्याकडे अर्धा तयारच मिळतो. पूर्ण दुधाचं, बिनसाखरेचं ग्रीक योगर्ट आणा. बिनस्निग्धांशाचं नको, ते पिठूळ लागतं. चाळणीत कॉफी गाळायचा कागद किंवा जाड पेपर टॉवेल घाला, त्यावर योगर्ट घाला आणि फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. वाडग्याच्या तळाशी पाणी निघालेलं दिसेल. उरतो तो उत्तम चक्का. मुलांना क्रीम चीजची चव हवीच असेल तर 8 औंसांचा एक चौकोन (म्हणजे 226 ग्रॅम) तासभर बाहेर ठेवून मऊ करा आणि तेवढाच चक्का त्यात कालवा. गार क्रीम चीजच्या गुठळ्या काही केल्या मोडत नाहीत, म्हणून हा तास चुकवू नका. साखर पाच-सहा चमचे, थोडी जायफळाची पूड, लिंबाच्या सालीचा वरचा पिवळा किस. क्रीम चीजमध्ये मीठ असतंच, वेगळं घालू नका.

तुमच्याकडे सफरचंदं चांगली मिळतात. काप काळे पडू नयेत म्हणून अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्यात पाच मिनिटं बुडवा आणि कोरडे करा. लिंबाच्या रसानेही होतं, पण मग त्या कापाला आंबटपणा येतो आणि सासूबाई पहिल्याच घासाला सांगतील.

काकू, आमच्या सासूबाई दूध-दही आणि फळं एकत्र हा विरुद्ध आहार मानतात. मुलं मात्र हट्ट करतात. दोन्ही बाजू सांभाळता येतील का?
— एक सून, रत्नागिरी

आयुर्वेदात दूध आणि आंबट फळं, तसंच दूध आणि केळं, हे विरुद्ध मानलेलं आहे. सासूबाई मनचं काही सांगत नाहीत. दुसरीकडे केळ्याचं शिकरण पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत पोळीबरोबर खाल्लं गेलं, आमच्याही. मी वैद्य नाही. ज्या घरात एखादी गोष्ट पाळतात, तिथे ती मोडायला लावून वाटी ठेवावी असं मला वाटत नाही. आणि रत्नागिरीत तर त्याची गरजच नाही, तुमच्याकडे नारळ आहे.

कोकणात शिरवाळ्यांबरोबर (तांदळाच्या शेवया), खापरोळ्यांबरोबर (जाड, जाळीदार घावन) गुळाचा नारळरस असतो. पदार्थ रसात बुडवून खायची रीत तुमच्याकडे आधीपासून आहे. तोच रस जरा दाट करायचा, एवढंच. एक मोठा नारळ खवा. पाऊण वाटी कोमट पाणी घालून वाटा आणि फडक्यातून घट्ट पिळा. फक्त पहिलं दूध घ्या, दुसरं आमटीला वापरा. हे पहिलं दूध काचेच्या बरणीत रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं ना, तसाच नारळाचा स्निग्धांश गारव्याने घट्ट होतो आणि वर सायीसारखा थर जमतो. पाणी खाली राहतं. तो थर अलगद काढायचा, त्यात दोन-तीन चमचे बारीक किसलेला गूळ, वेलदोडा आणि मिठाचे कण घालून चमच्याने घोटायचं. अंग कमी वाटलं तर भिजवलेल्या काजूची पेस्ट. काजूही तुमचेच.

हे बाहेर ठेवलं की लवकर सैल होतं, म्हणून वाटी बर्फाच्या पाण्याच्या थाळीत ठेवा. केळं, चिकू, फणसाचे कापे गरे, हे सगळं त्याबरोबर उत्तम लागतं. आणि एप्रिलात हापूसच्या फोडी. कडक गऱ्याची आठवण मला लिहितानासुद्धा येते आहे.

मी वसतिगृहात राहतो. फ्रीज नाही, मिक्सर नाही, टांगायला जागा नाही. तरी जमेल असं काही सांगा.
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

जमेल बाळा. दह्याचा लहान डबा घे. चहाच्या गाळणीत स्वच्छ धुतलेला सुती रुमाल घाल, दही त्यात ओत, गाळणी पेल्यावर ठेव. दोन तासांत बरंच पाणी निघतं. मग एक चमचा काकवी आणि दोन चमचे दाण्याचं कूट. काकवी नसेल तर गूळ चिरून घाल, दहा मिनिटांत विरघळतो. हे केळ्याबरोबर खा. फ्रीज नाही म्हणून उरवायचं नाही, त्याच वेळी संपवायचं. रुमाल लगेच धू, नाहीतर वास बसतो.

मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला केकबरोबर फळं आणि ही वाटी ठेवणार आहे. साखरेऐवजी मध घातला तर? मुलं दोन ते चार वर्षांची आहेत, एक-दोन तान्हीही येतील.
— एक आई, ठाणे

तान्ही येणार असतील तर मध घालू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो. त्यात असे जिवाणूंचे बीजाणू असू शकतात ज्यांनी इतक्या लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. वाटी एकच असली की कोणीतरी प्रेमाने बाळाच्या तोंडाला बोट लावतंच. साखर किंवा गूळच ठेवा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या वयाच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, ते घशात अडकतं. प्रत्येक द्राक्ष उभं चार भागांत चिरा. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते कराच, आणि मोठ्या मुलांच्या ताटलीतही चिरलेलीच ठेवा, कारण ताटल्यांची अदलाबदल होते. सफरचंद अगदी पातळ कापा किंवा थोडं वाफवून घ्या. टूथपिक टोचलेली फळं मोठ्यांसाठी.

आणि वाटी बाहेर दोन तासांहून जास्त ठेवायची नाही, ठाण्याच्या मे महिन्यात तासभरच. थोडी थोडी काढा, बाकी फ्रीजमध्ये.

मला मधुमेह आहे. यात साखरेऐवजी खजूर घातला तर चालेल ना?
— एक वाचक, लातूर

खजुरातही साखरच असते, म्हणून मी ‘चालेल’ असं लिहिणार नाही. चक्का नुसता ठेवा. त्यात वेलदोडा, भाजलेल्या बडीशेपेची पूड, मिठाचे कण आणि लिंबाच्या सालीचा किस घाला. गोडी फळाची येऊ द्या. पेरूबरोबर हे मला साखरेच्या वाटीइतकंच आवडतं. कुठलं फळ आणि किती, ते मात्र तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. दात उरले नाहीत. नातवंडं स्ट्रॉबेरी, सफरचंद बुडवून खातात, मी बघत बसतो. आमच्याकडे द्राक्षबाग होती, आता फक्त बेदाणा येतो. आई लहानपणी भाकरीवर साय घालून वर बेदाणे टाकून द्यायची. तुमची वाटी वाचून ते आठवलं, म्हणून लिहिलं. प्रश्न असा काही नाही.
— एक आजोबा, तासगाव

आजोबा, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. प्रश्न नसला तरी उत्तर देते.

तासगावचा बेदाणा तुमच्या घरातच आहे, तेव्हा दुसरं फळ शोधायला नको. रात्री मूठभर बेदाणे धुऊन, बुडतील एवढ्याच कोमट पाण्यात भिजत घालायला सांगा. सकाळी ते टचटचीत फुगतात. देठं राहिली असतील तर ती काढायला नातवंडांना बसवा. मग बेदाणे काट्याने किंवा पळीने चांगले चेचायचे, कारण अख्ख्याची साल हिरड्यांना सोलत नाही. त्यात दोन चमचे ताजी साय आणि एक चमचा चक्का. साखर घालायची नाही, भिजवलेलं पाणीच एक-दोन चमचे घालायचं, ते पुरेसं गोड असतं. वेलदोडा हवा असेल तर चाळलेला, नाहीतर त्याची सालं जिभेखाली येतात.

सफरचंद खायचं असेल तर सुनेला ते सालासकट किसायला सांगू नका. आधी सोलून, बारीक किसणीवर किसून, लगेच सायीत कालवायचं, म्हणजे काळंही पडत नाही. स्ट्रॉबेरी पिकून अगदी मऊ झालेली घ्या आणि काट्याने चेचा. नातवंडांच्या ताटलीत जी मऊ म्हणून मागे राहते, तीच तुमच्यासाठी सगळ्यात गोड असते.

आणि भाकरी. ज्वारीची ताजी, पापुद्रा काढून, आतला मऊ भाग गरम दुधात दोन मिनिटं भिजवून त्यावर ही साय आणि बेदाणे. आई कोणत्या भाकरीवर द्यायची ते तुम्ही लिहिलं नाहीत. ज्वारीची की बाजरीची, पुढच्या पत्रात कळवा. मी तशी करून बघणार आहे.